दार उघडा, नाहीतर पिंजरा मोडा!

साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर तीन माद्या. १९८०च्या दशकात मॉरिशसच्या एको पोपटाची शिल्लक एवढीच राहिली होती. नर धरून मोजले तरी आठ ते बारा पक्षी भरत. जगातला सर्वांत दुर्मिळ पोपट म्हणून त्याचे नाव घेतले जाई आणि अनेकांनी त्या नावावर फुलीही मारून टाकली होती. आज त्याच बेटाच्या नैऋत्येकडील डोंगरांत साडेसातशेच्या आसपास एको पोपट मोकळे उडत आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००७ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी वर काढले आणि २०१९ मध्ये आणखी एक. ही आनंदाची बातमी आहे आणि ज्यांच्या घामाने ती घडली त्यांना आमचा मनापासून नमस्कार आहे.

पण या यशाचा एक भलताच अर्थ जगभर लावला जात आहे आणि तो आपल्या शहरांतही ऐकू येऊ लागला आहे. परदेशी पक्षी बाळगणारे शौकीन, त्यांची पैदास करून विकणारे व्यापारी आणि खासगी संग्रहांचे धनी एका सुरात सांगतात की, पाहा, पिंजऱ्याने पोपट वाचवला. आम्हीही पिंजरेच बाळगतो, म्हणून आम्हीही रक्षकच. हा दावा धादांत खोटा आहे. मॉरिशसमध्ये पोपट वाचला तो पिंजऱ्याचे दार जंगलाकडे उघडले म्हणून. ज्या पिंजऱ्याचे दार जंगलाकडे उघडत नाही तो पिंजरा म्हणजे तुरुंग आणि तो चालवणारा माणूस रक्षक म्हणवून घेण्यास सर्वथा अपात्र आहे. हे आमचे मत आहे आणि ते आम्ही कोणाचीही भीडभाड न ठेवता मांडणार आहोत.

आधी हा पक्षी या अवस्थेला कसा आला ते पाहू. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही हिंदी महासागरातली तीन बेटे. माणसाचे पाऊल पडण्यापूर्वी तिथे पोपटांच्या अनेक जाती नांदत होत्या. रियुनियनचा मॅस्करीन पोपट लोकांनी पकडून पार पॅरिसच्या पिंजऱ्यांपर्यंत नेला. आज त्याचे उरले आहेत ते दोन पेंढा भरलेले नमुने, एक पॅरिसच्या संग्रहालयात आणि दुसरा व्हिएन्नाच्या. रॉड्रिग्जच्या न्यूटन पोपटाचा शेवटचा नमुना १८७५ मध्ये गोळा करण्यात आला, त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. मॉरिशसचा रुंद चोचीचा मोठा पोपट तर डोडोच्या मागोमाग केव्हाच गेला. रियुनियनवरचा एको पोपटही गेला. या सगळ्या गोतावळ्यातला जिवंत उरलेला एकच, मॉरिशसचा एको. आपल्या राघूपेक्षा अंगाने भरलेला, रंगाने गडद हिरवा. नराची वरची चोच लाल, मादीची काळी.

त्याचे घर कोणी मोडले? उसाने! फ्रेंचांनी वाढवलेली आणि इंग्रजांनी बेटभर पसरवलेली ऊसशेती सपाटीवरचे रान गिळत डोंगराच्या पायथ्याला भिडली. त्याच उसासाठी १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर गिरमिटाच्या करारावर त्या बेटावर उतरवले गेले. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिथले सन्माननीय नागरिक आहेत, त्यांची गणेशचतुर्थी त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. ज्या साखरेपायी कोकणातला माणूस करारावर अंगठा उठवून जहाजात चढला, त्याच साखरेपायी पोपटाच्या ढोलीचे झाड आडवे झाले. दोघांच्याही हालअपेष्टांवर युरोपातल्या घरांचा चहा गोड होत होता. आज मॉरिशसमध्ये अस्सल, न बिघडलेले देशी रान दोन टक्केही शिल्लक नाही.

गोऱ्या साहेबाच्या माथी सगळे पाप मारून मोकळे होण्याची सोय मात्र इथे नाही. मॉरिशस स्वतंत्र झाले १९६८ मध्ये. त्यानंतर, १९७०च्या दशकात, उंच पठारावरचे जे खुरटे देशी रान या पोपटाचे मोठे चरण्याचे ठिकाण होते, ते साफ करून तिथे पाइनची लागवड करण्यात आली. या उद्योगाला पैसा होता जागतिक बँकेचा आणि कागदोपत्री नाव होते वनविकासाचे! जंगल तोडून लाकडाचे मळे उभे करायचे आणि त्याला वनविकास म्हणायचे, हा अपराध जगातल्या कितीतरी वनखात्यांनी केला आहे. मॉरिशसमध्ये त्याने एका जातीला मरणाच्या दारात नेऊन उभे केले.

उरलेल्या तुकड्यांत शत्रू आधीच शिरले होते. जहाजांतून उतरलेले उंदीर झाडावर चढून अंडी आणि पिल्ले खातात. माणसाने आणलेली माकडे घरटी उपसतात. जावाची हरणे आणि रानडुकरे देशी झाडांची रोपे वाढूच देत नाहीत आणि त्यांच्या जागी चिनी पेरूची दाट झुडपे माजतात. या सर्वांत भर पडली ती एका पाहुण्या पोपटाची. त्याच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत, कारण तो पाहुणा आपल्या ओळखीचा आहे.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला एक तरुण जीवशास्त्रज्ञ मॉरिशसमध्ये आला. तिथला ससाणा तेव्हा नामशेष होण्याच्या बेतात होता. १९७४ मध्ये त्याचे ज्ञात पक्षी फक्त चार उरले होते. जोन्स यांनी तो वाचवला, गुलाबी कबूतर वाचवले आणि मग एको पोपटाला हात घातला. गेराल्ड ड्यूरेल यांनी जर्सी बेटावर उभारलेली संस्था, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि मॉरिशसचे सरकारी राष्ट्रीय उद्यान खाते असे तिघे मिळून कामाला लागले. सुरुवातीचे बंदिवासातल्या पैदाशीचे प्रयत्न फसले. खऱ्या अर्थाने यश यायला १९९०चे दशक उजाडले.

हे काम नेमके काय होते हे जवळून पाहिल्याशिवाय त्याची थोरवी कळणार नाही. एको पोपट जुन्या, उंच देशी झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. दोनतीन पिल्ले फुटली तरी बहुधा एकच उडते. बाकीची उपासमारीने मरतात. शिवाय ढोलीत एका माशीच्या अळ्या असतात, त्या रात्री पिल्लांचे रक्त शोषतात आणि भरल्या घरट्यातली पिल्ले काही दिवसांत निपचित पडतात. तेव्हा दोर लावून झाडावर चढायचे. ढोलीत हात घालून पिल्लू बाहेर काढायचे, वजन करायचे, तळचा ओला भुसा काढून कोरडा घालायचा, अळ्या मारणारी पूड टाकायची. पावसाचे पाणी आत गळत असेल तर ढोलीवर छप्पर ठोकायचे. उंदराला वर चढता येऊ नये म्हणून बुंध्याभोवती गुळगुळीत प्लास्टिकचा पट्टा गुंडाळायचा. शेजारच्या झाडाची फांदी टेकत असेल तर ती तोडायची, म्हणजे माकडाची वाट बंद. घरट्यात जास्तीचे पिल्लू असेल तर ते उचलून ज्या जोडीची अंडी वांझ निघाली तिच्या ढोलीत ठेवायचे, नाहीतर ब्लॅक रिव्हरच्या पक्षिगृहात नेऊन हाताने भरवायचे. एकेका झाडावर, एकेका हंगामात, वर्षानुवर्षे हे चालले. पावसाळी डोंगरात, चिखल तुडवत, तुटपुंज्या पैशात तरुण मुलामुलींनी ते केले.

आणि मग दार उघडले. १९९७ पासून बंदिवासात वाढलेले पक्षी रानात सोडले जाऊ लागले. २००५ पर्यंत शंभराहून अधिक पक्षी सोडले गेले. लटकवलेली घरटी-खोकी वापरायला आणि टांगलेल्या डब्यातला चारा खायला हे पक्षी आधी शिकले आणि त्यांच्याकडे पाहून रानातले मूळ पक्षी शिकले. पिंजऱ्यातून आलेल्यांनी जंगलातल्यांना जगण्याची एक नवी रीत दिली! बंदिवास कशासाठी असावा, याचे याहून स्वच्छ उत्तर आम्हांला माहीत नाही. तो थोड्या काळासाठी असावा, पक्ष्याच्या जातीसाठी असावा, त्याच्याच मायभूमीत असावा आणि त्याच्या शेवटी आकाश असावे. यातली एक जरी अट मोडली तरी त्याला संवर्धन म्हणता येणार नाही.

यातली मायभूमीची अट कशी मोडली जाते त्याचे उदाहरण दुसऱ्या एका बेटावर पाहायला मिळते. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकाच्या राष्ट्रध्वजावर सिसेरू नावाचा जांभळ्या छातीचा राजपोपट आहे. जगात तो फक्त तिथेच. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने त्या बेटाचे जंगल झोडपून काढले. लोक अजून घरांवर छप्पर घालत होते, तेवढ्यात मार्च २०१८ मध्ये तिथल्या पुनर्वसन केंद्रातले दोन सिसेरू आणि दुसऱ्या देशी जातीचे दहा पोपट विमानात घालून जर्मनीतल्या एका खासगी संस्थेकडे रवाना करण्यात आले. वर्षानुवर्षे त्या बेटावर काम केलेल्या संशोधकांनी आणि संवर्धन संस्थांनी उघड विरोध केला. तो कोणी ऐकला? संकटात सापडलेल्या गरीब देशाच्या दारातून त्याच्या ध्वजावरचा पक्षी उचलून हजारो मैलांवर नेणे, आणि तेही त्याच्या रानात त्याचे भाऊबंद जगण्यासाठी झगडत असताना, हे आम्हांला सर्वथा अमान्य आहे. तो पैसा, ती विमाने, ते पशुवैद्य डॉमिनिकाच्या डोंगरात का नाही उतरवले? मॉरिशसने जे करून दाखवले ते डॉमिनिकाला करू देण्यात कोणाची आडकाठी होती?

मॉरिशसच्याही बाबतीत आम्ही डोळे मिटून टाळ्या वाजवणार नाही. साडेसातशे पक्षी म्हणजे सुरक्षितता नव्हे. २००५च्या सुमारास चोच आणि पिसे झडवणाऱ्या विषाणूची साथ पसरली. पक्षी हाताळणे आणि सोडणे थांबवावे लागले. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या जातीला असा एखादा रोग केव्हा गाठेल याचा नेम नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, यांतल्या अनेक जोड्या आजही माणसाने टांगलेल्या खोक्यात अंडी घालतात आणि माणसाने भरलेल्या डब्यातून खातात. ज्या झाडांच्या फळांवर, पानांवर आणि ढोल्यांवर ही जात लाखो वर्षे पोसली ती झाडेच परत आलेली नाहीत. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये झाले, ते बरे झाले. त्यात कुंपण घालून, चिनी पेरू उपटून, हरणे-डुकरे बाहेर ठेवून राखलेले देशी रानाचे तुकडे आहेत, तेही बरे आहे. पण ते तुकडेच आहेत! समुद्रकिनारी हॉटेलांमागून हॉटेले उभारायला ज्या देशाला भांडवल मिळते, त्याला दरवर्षी आणखी काही हेक्टर तण उपटायला पैसा मिळू नये? जोवर ते रान पसरत नाही तोवर एको पोपट दुसऱ्याच्या ताटावर जगणारा आहे, आणि देणग्या आटल्या की ताट रिकामे होणार आहे.

आता त्या पाहुण्याकडे येऊ. तो आहे आपला राघू. आपल्या वडा-पिंपळावर, शेताच्या बांधावर, शहरातल्या जुन्या इमारतींच्या भोकांत राहणारा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटून तो मॉरिशसच्या रानात शिरला आणि आज तिथे हजारोंच्या संख्येने आहे. एकोला हव्या असलेल्या ढोल्या तो बळकावतो आणि पिसे झडवणारा तो विषाणू त्याच्याही अंगात सापडला आहे. राघूचा यात काडीचाही दोष नाही. तो स्वतःहून महासागर ओलांडून गेलेला नाही. त्याला पिंजऱ्यात घालून नेले ते माणसाने, निव्वळ हौसेपायी. एका बेटावरच्या शेवटच्या पोपटाच्या घशाला जे हात लागले त्यांत आपल्या पोपटहौशीचाही एक हात आहे, हे आम्ही मराठी वाचकाला ठणकावून सांगू इच्छितो.

आणि ती हौस संपली आहे काय? कोणत्याही मोठ्या शहराच्या पक्षीबाजारात जा. उन्हाळ्याच्या तोंडाला डोळे नुकते उघडलेली, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या फुटलेली पिल्ले टोपलीत एकमेकांवर रचलेली असतात. ती आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी रानात झाडावर चढून ढोली कोयत्याने फोडलेली असते, आणि फोडलेल्या ढोलीत पुढच्या वर्षी कोणताच पक्षी अंडी घालू शकत नाही. टोपलीत गुदमरून किती मेली याचा हिशेब विकणारा ठेवत नाही. उरलेल्यांचे पंख कातरले जातात आणि मग हातभर पिंजरा, एक वाटी, एक हिरवी मिरची. थव्याने राहणारा, रोज मैलोन्‌मैल उडणारा, संध्याकाळी शेकड्यांनी एका झाडावर मुक्कामाला येणारा हा पक्षी एकटा कोंडला की कित्येकदा स्वतःचीच पिसे उपटून काढतो. त्याच्यासमोर उभे राहून आमची मुले 'मिठू मिठू' करतात, आणि घरातली शहाणी माणसे त्याला लाड म्हणतात! रस्त्याच्या कडेला बसलेला ज्योतिषी त्याच पक्ष्याला उपाशी ठेवून एका दाण्यासाठी चिठ्ठी ओढायला शिकवतो, आणि पदव्या घेतलेली माणसे ती चिठ्ठी उलगडून आपल्या मुलीचे लग्न ठरवतात. आगरकरांच्या महाराष्ट्रात हे चालते, याची लाज कोणाला वाटते की नाही?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी येऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. २०२२च्या दुरुस्तीनंतर राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात कोंडणे हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तरीही बाजार भरतो तो पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर. छापा पडतो, चार पिंजरे जप्त होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुढच्या रविवारी तीच टोपली त्याच कोपऱ्यात असते. आम्ही गृहखाते आणि वनखाते या दोघांनाही जाब विचारतो: विकणाऱ्याला एका रात्रीची कोठडी आणि त्याला पिल्ले पुरवणाऱ्या टोळीला अभय, हा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला आहे?

परदेशी पोपटांच्या बाबतीत तर आणखी संताप येतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने योजना काढली: बाळगलेल्या परदेशी प्राणिपक्ष्यांची सहा महिन्यांत आपणहून नोंद करा, कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. म्हणजे तो पक्षी कोणत्या बेटावरच्या कोणत्या ढोलीतून चोरला, हे विचारायचेच नाही! २०२४च्या नियमांनी आता नोंदणी सक्तीची केली आहे, ते योग्यच झाले. पण नोंदणी म्हणजे चौकशी नव्हे. प्रत्येक नोंदीमागे पक्ष्याच्या उगमाचा पुरावा मागितला पाहिजे, पायातली कडी तपासली पाहिजे, पैदास केली असे सांगणाऱ्याच्या आवारात जाऊन आईबाप पाहिले पाहिजेत. संशय असेल तिथे रक्ततपासणी करता येते. ते शास्त्र आज उपलब्ध आहे. हे होत नसेल तर नोंदणीचा कागद म्हणजे चोरीच्या मालावर मारलेला सरकारी शिक्का ठरेल.

मॉरिशसमधल्या आमच्या मराठी बांधवांकडेही एक मागणे आहे. ज्या डोंगरांच्या कुशीत तुमच्या पूर्वजांनी ऊस तोडला, त्याच डोंगरांत हा पोपट उरला आहे. तुमची मंडळे आहेत, तुमचे उत्सव आहेत, तुमच्या मतांना तिथल्या राजकारणात किंमत आहे. देशी रान वाढवण्याचा प्रश्न तुमच्या व्यासपीठावरून विचारला गेला तर सरकारला तो ऐकावा लागेल.

इथल्या वाचकाला आमचे सांगणे त्याहून सोपे आहे. तुमच्या घरात पिंजरा असेल तर तो आजच गॅलरीत नेऊन उघडू नका. पंख कातरलेला पक्षी खाली पडून मांजराच्या तोंडी जातो, आणि पिंजऱ्यातला रोगी पक्षी रानातल्या थव्याला रोग देतो. बिनविचाराने सुटलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याने काय केले ते मॉरिशसला विचारा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा, पक्षी उपचार केंद्राच्या ताब्यात द्या, त्याचे पंख पुन्हा येऊ द्या. शेजारी कोणी पोपट विकत असेल, चिठ्ठ्या काढत असेल, तर त्याच क्रमांकावर कळवा आणि तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारत राहा. आणि रविवारच्या बाजारात मुलाने टोपलीकडे बोट दाखवले तर त्याचा हात धरून पुढे चला, एक पैसाही देऊ नका.